नीकोची नडगी

सोमवार, ३ फेब्रुवारी

वही चर्चमधल्या सिस्टर आम्पारोनं दिली. वर मांजराचं चित्र आहे. म्हणाली, "दोन्या कुका, तुम्ही बोलता फार. त्यातलं निम्मं लिहून ठेवा. कोण आलं, काय म्हणालं, कोणत्या दिवशी. बोललेलं कचेरीवाले नाकबूल करतात, लिहिलेलं करायला त्यांना जड जातं." मी दोन इयत्ता शिकलेय, तिसरीत शेळ्यांमागे पाठवलं. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. पण वाचणार मीच.

महिनाभर वही कोरी होती. आज लिहायला कारण झालं. दुपारी हरवलेल्या माणसांच्या कचेरीतून फोन आला, रोसेंदो सापडला.

रोसेंदो माझा धाकटा. त्याला जाऊन तीन वर्षं चार महिने झाले. नदीपलीकडे एका सोडून दिलेल्या लिंबाच्या बागेत खड्डा निघाला, त्यातली हाडं तपासणीत जुळली म्हणे. गुरुवारी पेटी येईल. सीलबंद, उघडायची नाही. मी विचारलं, का नाही उघडायची? फोनवरची बाई म्हणाली, तुमच्याच भल्यासाठी. सरकार माझं भलं करायला निघालं की मी दाराला कडी लावते.

मारीसेला, माझी सून, मक्याच्या तोर्तिया भाजत होती. तिला सांगितलं. तिनं तव्यावरची उलटली, नीट भाजली, फडक्यात गुंडाळली, गॅस बंद केला आणि मग जमिनीवर बसली.

"म्हणजे आता वाट बघायची नाही," ती म्हणाली.

"नाही."

रडली नाही. मीही नाही. मी ते पहिल्याच वर्षी उरकून घेतलं.

ज्या टोळीनं हे केलं तिचं नाव लिहिणार नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, आणि 'ते' म्हटलं की गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्यांच्या हाती माझ्या पोराला कुणी दिलं ते बिनधास्त लिहिते. निकानोर. समोरच्या ओबदुलियाचा नीको. त्या दिवशी पहाटे पाचला त्यानंच ट्रक आणून दारात हॉर्न दिला, पलीकडे लिंबं तोडायचं काम आहे म्हणाला, आणि रोसेंदो डब्यासकट चढला. दोघंही परतले नाहीत. आठ दिवसांनी कुणीतरी नीकोला 'त्यांच्या' काळ्या गाडीत बघितलं. कुणी बघितलं ते आता आठवत नाही, पण गावाला सांगितलं मी, आणि अजून सांगते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कबर खणून झाली. जमीन दगडी, तरी गुस्तावोनं आणि त्याच्या भावानं एका दिवसात काम केलं. मी काठावर बसून होते म्हणून.

सकाळी मक्याच्या गिरणीवर ओबदुलिया भेटली. रांगेत ती माझ्यापुढे. भिजवलेल्या मक्याची बादली खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"कळलं मला, कोमाद्रे. वाईट झालं."

"तुम्हाला कळणारच. सुरुवात तुमच्याच घरून झाली."

"माझ्या पोरानं काही केलेलं नाही."

"मग येऊन सांगू दे की त्याला. कुठे असतो हल्ली?"

"पलीकडे. सीमेच्या पलीकडे. नाताळात फोन आला होता."

"अरे वा. पुढच्या वेळी आला की सांगा, शनिवारी अकराला माती आहे. ट्रक आणू नको म्हणावं, स्मशान चालत जाण्याएवढं जवळ आहे."

रांगेतल्या बायका बादल्यांत बघत राहिल्या. ओबदुलियानं तिचा मका तसाच उचलला आणि न दळता घरी गेली. माझा नंबर एकानं पुढे आला.

नीकोला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलं होतं, म्हणून ती माझी कोमाद्रे आणि आमचं आपसांत तुम्ही-तुम्ही. शिवी द्यायची झाली तरी आदरानं द्यावी लागते. फार त्रासाचं आहे.

भांडण तसं याहून जुनं. मी हाडं बसवते. आई बसवायची, आजी बसवायची. या गावात एक घर असं नाही ज्यातलं एखादं हाड माझ्या हाताखालून गेलेलं नाही. सगळी सरळ बसली, एक सोडून. नीको नऊ वर्षांचा असताना खेचरावरून पडला, उजवी नडगी मोडली. मी ओढून सरळ केली, अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, कामट्या बांधल्या आणि बजावलं, चाळीस दिवस हात लावायचा नाही. पंचविसाव्या दिवशी संत इसिद्रोची जत्रा आली. ओबदुलियाचा नवस होता, पोराला संतापुढे नाचवीन म्हणून. तिनं कात्रीनं कामट्या सोडल्या. पोरगं दोन तास नाचलं आणि नडगी आत वळून बसली. जन्माचा लंगडा झाला. ती गावाला सांगते, कुकानं वाकडं बसवलं. वीस वर्षं सांगतेय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दहा वाजता पांढरी गाडी आली. दोघं होते. एकानं सही घेतली, दुसरा उन्हात मोबाइल बघत उभा राहिला. पेटी मक्याच्या पोत्याएवढी. रोसेंदो दारातून वाकून आत यायचा.

मारीसेला पाद्रीबाबांकडे गेली होती. घरात मी एकटी. सील म्हणजे चिकटपट्टी आणि चार स्क्रू. घरात आलेलं सामान मी न बघता कधी ठेवून घेतलेलं नाही. पडदा ओढला आणि रोसेंदोच्याच अवजारानं स्क्रू काढले.

कागदी पिशव्यांत घातलेलं होतं सगळं, नंबर टाकून. मला घाण नाही वाटली. हाड हे हाडच. मी गळ्याखालची आडवी हाडं, दोन्ही काढली. रोसेंदो बारा वर्षांचा असताना आंब्यावरून पडला होता, डाव्या बाजूचं मोडलं होतं. चांगलं जुळलं, पण जिथे जुळलं तिथे गाठ राहिली. ती गाठ मी त्याला मिठी मारताना दर वेळी चाचपायची. त्याला वाटायचं आई माया करतेय.

ही दोन्ही गुळगुळीत होती.

मग बाकीचं बघितलं. उजवी नडगी हातात आली. डोळ्यांच्या आधी हाताला कळलं. मधोमध जाड, आणि तिथून आत वळलेली, अर्ध्या बोटानं. असं वळण मी आयुष्यात एकदाच केलंय. म्हणजे ओबदुलियानं केलंय.

परत होतं तसं ठेवलं, स्क्रू पिळले, चिकटपट्टी दाबली. हात धुतले. मग वीस माणसांची कॉफी ठेवली, दालचिनी घालून, कारण लोक यायला लागले होते.



शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गप्प बसले तर काय बिघडतं, ते काल बसून मोजलं. मारीसेलाला नवऱ्याची कबर मिळते. काल ती कपडे न बदलता झोपली ते थेट सकाळी उठली, तीन वर्षांत पहिल्यांदा. ओबदुलियाचा पोरगा जिवंत राहतो, नाताळात फोन करतो. आणि मला शिव्या घालायला एक माणूस उरतो. सगळ्यांचं भलं. बिघडतं फक्त पेटीतल्याचं, आणि त्याला काय कळतंय.

तरी दुपारी मारीसेलाला सांगितलंच.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कागदावर रोसेंदोचं नाव आहे."

"कागदानं कधी हाड बसवलंय?"

"तुमचं वय झालंय, आई."

"माझ्या हातांचं नाही झालं."

"उद्या अकराला माती आहे. पाद्रीबाबांना सांगून झालंय, माझे भाऊ मोरेलियाहून निघालेत." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "मला एक जागा पाहिजे जिथे फुलं नेऊन ठेवता येतील. पोरांना बोट दाखवून सांगता येईल, इथे आहे."

"तिथे तो नसला तरी?"

"नसला तरी. दोन्या कुका, तुम्ही उद्या काही बोलू नका."

मला 'दोन्या कुका' म्हणाली, परक्या बाईला म्हणतात तसं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला आईच म्हणते.

तिचं चूक नाही. पण मी बसवलेलं हाड दुसऱ्याच्या नावानं पुरू द्यायचं नाही. माझं काम आहे ते, वाकडं असलं तरी. बाकी यात काही नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी आठला रस्ता ओलांडला. त्या दारात तीन वर्षं पाय ठेवला नव्हता. ओबदुलिया अंगणात कोंबड्यांना मका टाकत होती.

"भांडायला आला असाल तर आधी कॉफी घ्या," ती म्हणाली. "उपाशीपोटी तुमचा आवाज चिरका लागतो."

"नाताळात फोन आला होता म्हणालात. काय बोलला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"कोमाद्रे, काय बोलला?"

तिनं टोपलीतला उरलेला मका एकदमच टाकून दिला. कोंबड्या एकमेकींवर पडल्या. "कुणी बोललं नाही. मी हॅलो हॅलो म्हणत राहिले. पलीकडून नुसता श्वास. मग ठेवला. मी म्हटलं, नीकोच. दुसरं कोण मला नाताळात फोन करणार?"

मी तेव्हा सांगितलं. घुमवून सांगायला मला येत नाही. पेटी उघडली, रोसेंदो नाही, नडगी नीकोची आहे.

तिनं मला मारलं. उघड्या हातानं, गालावर. मी मारू दिलं. मग म्हणाली, "तुम्हाला माझा पोरगा मेलेलाच पाहिजे होता."

"हो, पाहिजे होता," मी म्हटलं. "तीन वर्षं मागत होते. आता चला आणि हात लावून बघा. नाही पटलं तर आणखी एक मारा."

आमच्या घरात मारीसेलाचे भाऊ काळे शर्ट घालून बसले होते. मी पेटीपाशी गेले तशी मारीसेला मध्ये उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे ओबदुलिया दिसली, अंगावर अजून मक्याची धूळ. काय झालं कुणास ठाऊक, मारीसेला बाजूला झाली. भावांना म्हणाली, "तुम्ही बाहेर जा जरा."

स्क्रू या वेळी मारीसेलानं काढले.

मी नडगी ओबदुलियाच्या मांडीवर ठेवली. तिनं डोळे मिटले आणि वरून खाली बोट फिरवलं. मधल्या जाड जागेवर थांबली. परत वर गेली, परत खाली आली. लहान पोराला तेल लावताना फिरवतात तसं. किती वेळ ते मी बघितलं नाही, मी भिंतीकडे बघत होते.

"वाकडंच बसवलंत तुम्ही," ती म्हणाली.

"कामट्या तुम्ही सोडल्यात."

"मी सोडल्या," ती म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा. "चांगला नाचला होता त्या दिवशी."



माती झाली नाही. पाद्रीबाबा चिडले, म्हणाले, असं कुठे असतं का. मी म्हटलं, बाबा, मेलेले उठून बसल्याच्या गोष्टी तुम्हीच सांगता, पेटीत दुसराच निघाला तर इतकं काय.

सोमवार, १० फेब्रुवारी

कचेरी. बसनं तीन तास, बाकावर चार तास. मी, ओबदुलिया, मारीसेला. टेबलामागे चष्मेवाला साहेब होता.

"तुम्ही सील तोडलंत?"

"स्क्रू काढले. परत लावले. तुमच्या माणसांपेक्षा घट्ट."

"आजी, ही प्रयोगशाळेची तपासणी आहे. तुम्ही हातानं चाचपून सांगणार, हा तो नाही?"

"हात द्या इकडे."

"काय?"

"डावा. खाणार नाही मी."

त्यानं दिला, चेष्टेत. मी मनगट धरलं, अंगठ्यानं दोनदा दाबलं. "सहासात वर्षांचा असताना मोडलं होतं. डॉक्टरनं प्लास्टर घातलं, पण घाईत. थंडीत दुखतं, आणि बरणीचं झाकण या हातानं उघडत नाही तुम्हाला."

पलीकडच्या टेबलावरची बाई हसायला लागली. "झाकणं मीच उघडून देते त्यांना," म्हणाली.

साहेबानं हात काढून घेतला, चष्मा पुसला आणि फाइल मागवली. बराच वेळ वाचली. मग त्याचा आवाज बदलला, माणसासारखा झाला. खड्ड्यात बरेच जण होते. हाडं मिसळलेली. रोसेंदोशी जुळला तो एक दात. बाकीचं त्याच्या शेजारी सापडलं म्हणून त्याच्याच नावानं भरलं. तसं करायला नको होतं, म्हणाला.

म्हणजे रोसेंदो गेलाय, हे खरं. दात त्याचाच. उरलेला तो गोदामात कुठल्या तरी पिशव्यांत आहे.

मारीसेलानं विचारलं, "शेजारी म्हणजे किती शेजारी?"

साहेब म्हणाला, "अगदी लागून. दोघांचे हात एकाच तारेनं बांधलेले होते."

ओबदुलियाच्या तोंडात कापूस फिरवून घेतला, तपासणीसाठी.  परतताना मी बसच्या खिडकीतून लिंबाच्या बागा बघितल्या. एकाच तारेनं. एवढं लिहून ठेवते. काळ्या गाडीत त्याला कुणी बघितलं होतं ते परत आठवून बघितलं. कुणाचाच चेहरा आला नाही.

गुरुवार, २० मार्च

जुळलं. पेटी ओबदुलियाच्या नावावर झाली. ती फोन ठेवून आमच्याकडे आली, मारीसेलाच्या हातची तोर्तिया मीठ लावून खाल्ली, म्हणाली, "आता नाताळात फोन वाजला तर उचलायचा नाही," आणि गेली.

आमच्याकडे बिनलग्नाचा पोरगा गेला की शेवटचे कपडे त्याच्या धर्ममातेनं आणायचे असतात. ती मी. शिवायला बसले. पेटीत घालायचे कपडे कुणी घालून बघणार नाही, तरी पँटचा उजवा पाय दोन बोटं आखूड शिवला. मारीसेलानं बघितलं आणि इस्त्री तिनंच केली.  हल्ली परत आई म्हणते.

रविवार, ६ एप्रिल

नीकोची माती मंगळवारी. काल ओबदुलियाकडे जपमाळेला बसलो तर आम्ही तिघीच. वीस खुर्च्या मांडल्या होत्या. गावानं यावं कशाला? 'त्यांच्या' माणसाच्या मातीला कोण जातं? असं मीच तर शिकवलंय तीन वर्षं, घरोघर, गिरणीवर, चर्चच्या पायऱ्यांवर. कुणी विसरलेलं नाही. मी सांगितलेलं लोक विसरत नाहीत.

ओबदुलिया म्हणाली, "असू दे, कोमाद्रे. आपण तिघी पुरे."

मी म्हटलं, "पुरे कशा? कबरीपर्यंत उचलायला चार लागतात."

आज चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर मी दारात उभी राहिले, बाहेर पडायचं तर मला ओलांडूनच. पाद्रीबाबाही आत अडकले. म्हटलं, नीकोला काळ्या गाडीत कुणीही बघितलेलं नाही. मी सांगितलं ते खोटं होतं. तो माझ्या पोराबरोबर मेला, एकाच तारेत. ज्याला माझ्यावर थुंकायचंय त्यानं आत्ता थुंकावं, आणि मंगळवारी अकराला यावं.

कुणी थुंकलं नाही.  मग मी दारातून बाजूला झाले.

मंगळवार, ८ एप्रिल

खुर्च्या कमी पडल्या. गुस्तावोनं कबरीचं काही घेतलं नाही. कपडे मी पेटीत माझ्या हातानं घातले, पाय पायाच्या जागी. ओबदुलिया शेवटपर्यंत ताठ उभी होती. मग एकटी कोंबड्यांना टाकायला गेली, कारण त्यांना कुणी टाकलं नव्हतं.

संध्याकाळी कचेरीतल्या हसणाऱ्या बाईचा फोन आला. खड्ड्यातल्या उरलेल्या पिशव्या उघडणार आहेत, गुरुवारी नातेवाइकांनी यावं. साहेबांनी म्हणे खास सांगितलंय, त्या आजींना बोलवा.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळी ओबदुलियाकडे गेले. म्हटलं, उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला.

"येतेच आहे. डबाही मीच करणार, तुमच्या सुनेला मीठ कळत नाही."

"नुसतं यायचं नाही. आत तुम्ही जायचं. मी बाहेर बाकावर बसणार."

"मी? मला काय कळतंय हाडांतलं? हात तुमचे आहेत."

"माझ्या हातांचा भरवसा नाही उद्या," मी म्हटलं. "त्यांना तो इतका पाहिजे आहे, की कुणाचंही हाड त्याचं म्हणतील."

 काहीतरी लागट बोलेल असं वाटलं. पण ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, हात झग्याला पुसून कोरडे केले.

"शिकवा," म्हणाली.

दुपार झाली शिकवता शिकवता. हात जड आहे तिचा, पण खोटं बोलणारा नाही. पहाटे पाचची बस आहे. आता झोपते.